काकीच्या वावराचा भाव

मी गावी गेले की काकी पहिल्या दिवशी पोटभर जेवायला घालते आणि दुसऱ्या दिवशी विचारते, "पोरी, तू तिकडं शहरात करतं तरी काय?" काकी म्हणजे माझ्या बाच्या धाकट्या भावाची बायको. काका जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या तांड्याजवळ तिचं दोन एकराचं वावर आहे, कापसाचं, मधूनमधून तुरीच्या ओळी. घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, बोलतो, पण ती सगळ्यांना कळायची नाही, म्हणून आमचं बोलणं इथं वऱ्हाडीत लिहिते आहे.

मी शहरातल्या मेट्रोच्या कचेरीत काम करते. रूळ आणि डबे माझ्या वाट्याला येत नाहीत, माझ्याकडे जमिनीचे नकाशे असतात. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेले होते तेव्हा मी काकीला एकदाचं सगळं नीट समजावून सांगायचं ठरवलं.

"मेट्रो बांधायले लय पैसा लागते, काकी. नुसत्या तिकिटावर निंगत नाही. पण टेसन झालं का आजूबाजूच्या जागेचा भाव वाढते. मालकानं काही केलं नाही, बसल्या जागी वाढला. मंग त्या वाढीतला थोडा वाटा घ्यायचा अन् त्यातूनच लाइन बांधायची."

काकीने ओढणी तोंडाला लावली. हसू आवरेपर्यंत चुलीवरची भाकर करपली. "म्हणजे माणूस आपल्या घरी जेवून राह्यला, अन् तुमी जाऊन म्हणता, तू श्रीमंत झाला, काढ पैसे?"

मला राग आला. मला तो लवकर येतो, आणि जे काम मला स्वतःलाच पटलेलं असतं त्याला कोणी हसलं की जास्तच येतो. तुला नाही कळायचं, असं म्हणून मी भाकर उलटली.

त्याच आठवड्यात तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, त्याच्या घरापुढे निंबाखाली बैठक होती. विषय आमच्या पांदणीचा, म्हणजे वावरांमधून डांबरी रस्त्यापर्यंत जाणाऱ्या मातीच्या वाटेचा. सरकारी कामातून तिच्यावर गिट्टी पडली होती, पण मधल्या नाल्यावर रपटा, म्हणजे नळ्यांवरचा बुटका पूल, झाला नव्हता. नाल्याला पाणी आलं की अलीकडची गाडी अलीकडे आणि पलीकडची पलीकडे. रपटा आपणच बांधायचा, हे सगळ्यांना मान्य होतं. कोणी किती द्यायचं, हे ठरत नव्हतं.

आमच्याकडे पांदणीची एक जुनी रीत आहे. दरवर्षी आखाजीनंतर ज्याच्याकडे बैलजोडी असेल त्याने मुरमाच्या गाड्या टाकायच्या, नसेल त्याने फावडं घेऊन यायचं, आणि काकीसारख्या एकट्या बाईने सगळ्यांची चून-भाकर करायची. वावर कोणाचं किती आणि कुठं, हे कोणी विचारत नाही. मला ती रीत भोळी वाटली. मी उठले आणि बोलायला लागले. उंटावरची शहाणी म्हणतात ती मीच.

वहीच्या कागदावर मी पांदण काढली. वाटेला लागून असलेली वावरं लाल पेन्सिलीने रंगवली, मागची पिवळी केली, लांबची कोरी ठेवली. रपटा झाला की लाल वावरांचा भाव सगळ्यात जास्त वाढणार, तर त्यांनी जास्त द्यावं. तांड्यावरची माणसं होती, शेजारच्या गावचे कुणबी शेतकरी होते. सगळ्यांनी माना हलवल्या. काकीचं वावर रुंदीला कमी आणि लांबच लांब आहे, त्याची एक अख्खी बाजू पांदणीला लागते. कागदावर ते टोकापासून टोकापर्यंत लाल झालं. "काकी, सगळ्यात जास्त भाव तुह्याच वावराचा वाढन!" मी ओरडून सांगितलं. बायांमध्ये बसलेली काकी लाजली. तिने डोक्यावरची ओढणी नीट केली आणि शेजारणीकडे बघितलं. तिचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासाठी ताक घेऊन वावरात गेले. काकी शेजारच्या शेतकऱ्याबरोबर बांधावरून पावलं मोजत चालली होती. काही पावलं झाली की वाकून दगड ठेवायची. शेवटचे तीन दगड तिने मोहाच्या झाडाखाली ठेवले. काका दुपारी बैल सोडायचा ते हे झाड. त्याच्या सावलीतच काकी पहिल्यांदा या घरची सून म्हणून न्याहारी घेऊन आली होती, हे तिने मला शंभरदा सांगितलं आहे. दगडांच्या ओळीने झाड पलीकडे गेलं होतं.

"हे काय करून राह्यली, काकी?"

"इथवरचं यायले विकून टाकतो." तिने शेजाऱ्याकडे हात केला.

"काहून?"

"तूच त म्हणतलं ना, भाव वाढला म्हणून. वाढला त मले द्या लागन. पण भाव काही कापसासारखा वेचून आणता येत नाही. वावर विकल्याशिवाय तो निंगन कसा?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला ते अगदी सरळ दिसत होतं. बैठकीत मान हलवली होती आणि तांड्यावर हलवलेली मान परत घेत नाहीत. मी मात्र तिच्यावरच ओरडले. इतकी काय घाई होती, आधी मला विचारायचं नाही का, असं काहीबाही. माझ्या हातातलं ताक सांडलं. शेजारचा शेतकरी बिचारा संकोचून बाजूला झाला. काकी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अवं, रागावतं काहून? मी काय चूक केली?"

चूक तिची नव्हतीच. मीच तिला कागदावर श्रीमंत केलं होतं आणि तिच्या हातातलं वावर काढून घ्यायला निघाले होते. मी तिथंच बांधावर बसून रडले.

घरी येऊन बाला सांगितलं. बाने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "बाजारात तुरी अन् भट भटनीले मारी." मग माझा चेहरा बघून त्याचा आवाज मऊ झाला. आमचे पूर्वज बैलांवर मिठाच्या गोणी लादून मुलूखभर फिरायचे. बाच्या आजाने बाला त्या फिरस्तीची एक रीत सांगितली होती. वाटेत ज्याच्या विहिरीवर बैलांना पाणी पाजलं, त्याचं देणं असायचंच. पण गोण बैलाच्या पाठीवर आहे तोवर तो मागत नसे. बाजारात गोण उतरली, मीठ विकलं, की परतीच्या वाटेवर त्याच विहिरीशी थांबून त्याला माप भरून मीठ द्यायचं.

"काकीची गोण अजून पाठीवर हाय, पोरी," बा म्हणाला. "उतरलीच नाही, त तू मागतं कायले?"

संध्याकाळी बा आणि मी नायकाकडे गेलो. बैठक पुन्हा भरली. माझा रंगीत कागद मी सगळ्यांसमोर फाडला आणि माझं चुकलं असं म्हटलं. मला हे शब्द जड जातात, तरी त्या दिवशी गेले नाहीत. नवं ठरलं ते असं: जो आपलं वावर विकेल त्याने विकताना रपट्याचा वाटा द्यायचा. जो कसून खातो त्याने जुन्या रीतीप्रमाणे अंगमेहनत द्यायची. डांबरी रस्त्याच्या तोंडाशी एका शेतकऱ्याने जागा गोदामाला भाड्याने दिली होती. तो स्वतःच उठला आणि म्हणाला, "माही गोण उतरली बाप्पा," आणि सिमेंटच्या नळ्यांचा खर्च त्याने अंगावर घेतला. मोठा हशा झाला.

काकीचे दगड मी आणि तिने मिळून उचलले. शेजारच्या शेतकऱ्याने हूं की चूं केलं नाही. उलट मोहाखालचा सगळ्यात जड दगड त्यानेच हलवला.

कचेरीत परतल्यावर मी टिपणीत एक ओळ घातली: जे आपल्या घरात राहतात त्यांच्याकडून वाढीचा वाटा आत्ता मागू नये, घर विकतील तेव्हा घ्यावा. साहेबांनी विचारलं, ही कल्पना कुठून आणली? मी म्हटलं, आमच्या घरचा जुना व्यवहार आहे. ती ओळ अजून विचाराधीन आहे. पण लाल पेन्सिल हातात घेतली की मला नकाशावर आता घरं दिसतात, आणि घरांत भाकरी करणाऱ्या बाया दिसतात.

रपटा झाला. गेल्या पोळ्याला मी गेले तेव्हा ऑटो पांदणीतून थेट रपट्यापर्यंत आला. काकी रपट्यावर उभी होती. तिने मला उतरवून घेतलं, माझी पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली, आणि चालता चालता म्हणाली की वावर माझ्या नावाने करायचं तिने ठरवलं आहे. तिचं पुढचंही ठरलेलं होतं.

"पण ध्यानात ठेवजो. विकलं त रपट्याचा वाटा पहिले देजो. मी नसन तरी देजो."

"अन् नाही विकलं त?"

काकीने मोहाच्या झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त चालजो या वाटेनं. येत जाजो."