साखऱ्याची दूधआई

माझी दूधआई मेंढ्या कधी मोजत नसे. दिवस कलला की काट्याकुंपणाच्या वाडग्याच्या तोंडाशी उभी राहून ती आत शिरणारी तोंडं नुसती पाही, आणि कोणती मागे राहिली ते सांगे. मोजणाऱ्याची चूक होते, ओळखणाऱ्याची होत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

आम्ही दोघी जुळ्या बहिणी. आईचं दूध एकीपुरतंच होतं. ताई घरी राहिली. मी जगेनसं कुणालाच वाटत नव्हतं, म्हणून मला दोन कोसांवरच्या साखऱ्याला या धनगरणीच्या पदरात टाकलं. तिचं स्वतःचं लेकरू नुकतंच गेलं होतं. वर्षासाठी दिलेली मी सात वर्षं राहिले. खरं सांगायचं तर मला परत न्यायची घाई कुणालाच नव्हती.

सातव्या वर्षी ताई ओळीखाली बोट धरून पोथी वाचू लागली होती. मी कोणतं कोकरू कोणत्या मेंढीचं ते चालीवरून सांगत असे, पण पाटीवर 'ग' काढताना मला घाम फुटे. वडील एकदा येऊन हे पाहून गेले. रक्त एकच असून पोर धनगरी वळणावर गेली, म्हणाले.

"बी तुमचं, मालक," दूधआई म्हणाली. "पानी माझं. आता पीक कोनाचं म्हनावं?"

पाडव्याला पोरीला घरी आणून सोड, एवढं सांगून वडील निघून गेले.

त्या दिवसापासून तिला एकच घोर लागला, आई मला जवळ घेईल की नाही. मेंढीचं कोकरू मेलं की धनगर त्याचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर बांधतात. वासाला भुलून मेंढी त्याला पाजते. या बाईने हीच विद्या माझ्या आईवर चालवली. आमच्या घरी घोंगडी पोचवायला गेली तेव्हा तिने ताईचा अंगावरचा परकर मागून आणला, धुतला नाही, आणि पाडव्याला मला तोच घातला. काहून म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुज्या मायला तकलीफ नको."

आता हसू यायला हवं, पण येत नाही. ओसरीवर आईने मला जवळ घेतलं ते ताईच्या नावाने. चूक कळल्यावरही तिने हात काढला नाही, हेही खरं. दूधआई तेवढं पाहून, पाणीही न पिता परत गेली.

मग मला वळण लावण्यात आलं. अक्षर सुधारलं, बोलणं बदललं. निजामाच्या राजवटीची अखेरची वर्षं होती, त्या गडबडीत तिचा कळपही पांगला असं कानावर आलं. एकदा ती दारात येऊन उभी राहिली. फार थकली होती. घरात पाहुणे बसलेले. मी उंबऱ्यातूनच विचारलं, "काय हवंय, बाई?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

"काई न्हाई. घर मानवलं का तुला, ते पाहून राहिले व्हते. मानवलं."

एवढं बोलून ती वळली. तिला मी सात वर्षं माय म्हटलं होतं. त्या दिवशी पाहुण्यांदेखत मला तशी हाक मारवली नाही.