आईचे वकीलबाब

गोव्यात पोर्तुगीज राज्य असताना माझी विधवा आई तिथलं घर बंद करून मुंबईत फणसवाडीत माझ्याकडे राहायला आली. तिला बघणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं. परकी नागरिक म्हणून तिला परत जाण्याची नोटीस आली, तेव्हा शेजाऱ्यांनी आम्हाला गिरगावातल्या एका वकिलांकडे नेलं. त्यांचं नाव आता आठवत नाही. आई त्यांना वकीलबाब म्हणायची. आपण बोलत असलो की ते मध्ये पडत नसत, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत ऐकत राहत.

त्यांनी आईचा इथं कायम राहण्याचा अर्ज केला. सुनावणीच्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, ट्राम बंद होत्या. फोर्टपर्यंत ते आईच्या चालीने चालले.

परदेशी नागरिकांच्या कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "बाई, गोव्याला परत जावंसं वाटतं का?"

"वाटतं तर," आई म्हणाली. मी वकीलबाबांकडे बघितलं.

वकीलबाब उठले. "साहेब, घराची आठवण येणारच. पण यांना सांभाळणारी लेक इथं आहे."

कायम राहण्याचा अर्ज मंजूर झाला. बाहेर येताच आई म्हणाली, "माझं चुकलंच."

"नाही हो. तुम्ही खोटं बोलला असतात, तर माझ्या बोलण्यावरही त्यांनी विश्वास ठेवला नसता."

गोवा मुक्त झाल्यावर आई घर बघायला गेली आणि आपणहून मुंबईला परतली. सामान सोडण्याआधी ती वकीलबाबांना फणसाची साठं देऊन आली.