तिसऱ्या दिवशीचा फोन

प्रौढांच्या कॉलेजात ताईचं टेबल दाराला लागूनच होतं. येणाऱ्याला तिच्यासमोरूनच आत जावं लागे. त्याआधी अकरा वर्षं तिनं त्याच इमारतीतल्या फरशा पुसल्या होत्या. पुसता पुसता दाराआडून गणित ऐकलं आणि त्रेचाळिसाव्या वर्षी शाळेची शेवटची परीक्षा दिली. ती पास झाली तेव्हा प्राचार्यांनी तिच्या हातातला बोळा काढून घेतला आणि हजेरीचं रजिस्टर दिलं.

ताई दोनदा शिक्षण सोडून बसली होती. एकदा आई आजारी पडली म्हणून, एकदा सासरी कुणाला आवडेना म्हणून. दोन्ही वेळा कुणी साधं विचारलंसुद्धा नाही की बाई, का गं येत नाहीस? गेली तर गेली. ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं. त्यामुळे टेबलाशी बसल्यावर तिनं स्वतःचा एक नियम केला: दोन दिवस कुणी आलं नाही की तिसऱ्या दिवशी फोन. "काय हो, विसरलात का आम्हाला?" एवढंच विचारायचं. पण त्या एवढ्याशा बोलण्यानं कितीतरी जण परत आले. निवृत्त बसचालक काका तर म्हणायचे, "चाळीस वर्षं गाडी चालवली, कधी कुणाला धक्का लागला नाही. पण बेरजेतला हातचा कुठे सांडतो तेच कळत नाही. ताईचा फोन आला नसता तर मी घरीच बसलो असतो."

एका वर्षी दुपारच्या वर्गात इस्पितळाच्या धुलाईघरात काम करणारी एक बाई आली. वय चौतिसाच्या आसपास, दोन मुलींची आई. परिचारिकेच्या मदतनिसाचा अभ्यासक्रम करायचा, तर आधी शाळेची परीक्षा हवी, म्हणून. बोलायची कमी, अक्षर मुंगीएवढं, आणि गणितात सगळ्यांच्या पुढे. प्रवेशाचा अर्ज भरताना घरचा नंबर लिहून ती म्हणाली होती, "फोन नाही केलात तरी चालेल हं, ताई."

"अगं, त्यात काय! फोन करायला का पाय दुखतात?" असं म्हणून ताई हसली होती. बाईही जराशी हसली होती.

सहा महिन्यांनी ती सलग दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता ताईनं नंबर फिरवला. पुरुषाचा आवाज आला. मऊ, अदबशीर.

"कुठल्या कॉलेजातून म्हणालात?"

ताईनं सांगितलं. वर जीभही आवरली नाही. "बरं वाटत नाही का त्यांना? फार हुशार आहे हो तुमची बायको. गणितात वर्गात पहिली!"

"हो का? किती दिवस येतेय?"

"सहा महिने झाले की. एक दिवस खाडा नाही, म्हणून तर काळजी वाटली."

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. "मला वाटायचं, दुपारी जादा पाळी असते तिला."

फोन बंद झाला. ताईनं पुन्हा नंबर लावला. मग पुन्हा. कुणी उचलला नाही. त्या संध्याकाळी ती तीन वेळा अर्ज उघडून पत्ता बघत बसली, आणि तीनही वेळा तिला वाटलं, आपण दारात जाऊन उभं राहिलो तर आणखी भर पडेल.

ते दोन दिवस बाई आजारी नव्हतीच. धुलाईघरात माणसं कमी होती, म्हणून ती खरोखरच जादा पाळी करत होती.

आठवडा गेला. मग काकांनी बातमी आणली. गुडघा दाखवायला ते इस्पितळात गेले होते. "दिसली मला," ते म्हणाले. ताईनं फारच लावून धरलं तेव्हा म्हणाले, "हात प्लॅस्टरमध्ये आहे."

दुसऱ्या दिवशी ताई धुलाईघरात गेली. वाफेनं समोरचं धड दिसत नव्हतं. यंत्रांच्या घरघरीत ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं. मागच्या लांब टेबलाशी बाई उभी होती. चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबून दुसरं उजव्या हातानं जुळवत होती. डाव्या डोळ्याखाली अजून पिवळं होतं.

"मी केलं हे," ताई म्हणाली.

"तुम्ही नाही केलंत." बाईनं चादर थप्पीवर ठेवली. "तुम्ही कौतुक केलंत. म्हणाला, गणितात पहिली ना? मग वह्या फाड आणि पानं मोज. मोठ्यानं. मुली बघत होत्या. मधेच माझा आकडा चुकला, तर पहिल्यापासून मोजायला लावलं."

ताई म्हणाली, पोलिसांत जाऊ, मी येते बरोबर. प्राचार्यांना सांगते. नाहीतर मीच इथे येईन जेवणाच्या सुट्टीत, शिकवेन, कुणाला कळणार नाही.

"ताई, आता तो सोडायलाही येतो आणि न्यायलाही येतो. तक्रार करून मी रात्री जाऊ कुठे? मुलींना ठेवू कुठे?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही जा. इथल्या बायका सांगतील त्याला, कुणी भेटायला आलं होतं म्हणून."

ताई निघाली. बाहेरच्या पायरीवर ती बसून राहिली.

तिचं ऐकून प्राचार्य म्हणाले, "तुमचा हेतू चांगला होता." ताईला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. कुणीतरी आपल्याला रागावावं, कामावरून काढावं, असं तिला वाटत होतं. कुणी काढलं नाही.

सोमवारी ती वर्गात फळ्यापुढे उभी राहिली आणि घडलेलं सगळं सांगितलं, बाईचं नाव तेवढं घेतलं नाही. मग एकेकाला बाहेर टेबलाशी बोलावलं. घरी फोन कोण उचलतं? काय म्हणून बोलू? की करूच नको? एकसष्ट जण होते. त्यांतल्या नऊ जणांनी सांगितलं, घरी करू नका. त्या नवांत एक दणकट गवंडीही होता. आपल्याला वाचता येत नाही हे त्याच्या सुनेला माहीत नव्हतं. इतके दिवस ताई या नऊही घरी फोन करत होती. निभावलं होतं ते निव्वळ नशिबानं.

त्यानंतर वर्गातल्यांनी आपसात जोड्या लावून घेतल्या. कुणी आलं नाही तर जोडीदारानं कामावर जाऊन बघायचं. काका म्हणाले, "माझ्या जोडीदाराची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवा." वर्षभर त्यांनी कुणाला जोडीला घेतलं नाही.

बाईचा परीक्षेचा अर्ज ताईनं आधीच भरला होता. प्रवेशपत्र आलं. परीक्षेच्या दिवशी ते घेऊन ती फाटकाशी उभी राहिली. घंटा झाली, फाटक लागलं. बाकावरच्या नंबरापुढे पर्यवेक्षकानं लाल शाईनं 'गैरहजर' लिहिलं.

चार महिन्यांनी ताई पुन्हा धुलाईघरात गेली. त्या टेबलाशी दुसरीच कुणी होती. मुकादम म्हणाला, "सोडलं तिनं. कुटुंबच गाव सोडून गेलं म्हणे." कुठे, ते त्याला ठाऊक नव्हतं.

ताई अजून त्या टेबलाशी बसते. नवीन कुणी आलं की अर्ज भरण्याआधी ही हकिगत सांगते. लोक विचारतात, मग पुढे काय झालं त्या बाईचं? आता बरी आहे का?

"माहीत नाही," ताई म्हणते, आणि पेन उचलते.