अंबाड्याच्या उंचीचा वॉल्ट्झ

टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेतून कोण कोणत्या आठवड्यात बाहेर पडणार हे मी आधीच सांगते, आणि बहुतेक वेळा ते खरं ठरतं. यात ज्योतिष नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुवेतमधल्या फरवानिया भागातल्या एका क्लिनिकमध्ये बावीस वर्षं लोकांचे गुडघे, कंबरा आणि खांदे वळवते आहे. मालिकेतला एखादा नायक चमकीचा कोट घालून जोडीदारणीला उचलतो तेव्हा बाकीच्या बायका त्याचा चेहरा बघतात, मी त्याच्या कमरेचे शेवटचे दोन मणके बघते.

आमच्या इमारतीतल्या चार-पाच जणी शुक्रवारी जेवणं उरकून माझ्याकडे जमतात. आठवड्याचा भाग त्या वेळी पुन्हा दाखवतात. नट, नट्या, निवृत्त खेळाडू, बातम्या देणारे, असे सगळे ओळखीचे चेहरे त्यात धंदेवाईक नाचणाऱ्यांबरोबर बॉलरूम नाचतात आणि तीन परीक्षक त्यांना दहापैकी गुण देतात.

"ताई, हा कसा वाटतो?"

"चौथ्या आठवड्यात घरी."

"अहो, किती गोड हसतोय!"

"हसू दे. डावा गुडघा आत पडतोय."

चौथ्या आठवड्यात तो गुडघ्याला पट्टा बांधून आला, रडला आणि गेला. माझी मुलगी खोलीतून ओरडली, "मॉम, यू आर सो मीन!" मी म्हटलं, मी नाही, गुडघा.

तिघांपैकी एक परीक्षक कशानेही रडायची. दुसरा प्रत्येक नाचाला "आग लावलीस!" म्हणायचा. तिसरा मात्र कामाचा होता. खांदे खाली, कोपर वर, टाच कधी टेकली, असं मोजून बोलायचा. एका माजी क्रिकेटपटूला त्याने सांगितलं, "तू बाईला फिरवत नाहीस, कपाट सरकवतो आहेस." त्या माणसाला मी मनातल्या मनात गुरू केलं होतं.

वरच्या मजल्यावर नाशिकचं जोडपं राहतं. भावजी रिफायनरीत इन्स्पेक्शनला आहेत, म्हणजे उंच टाक्यांच्या शिड्या चढून वर काय गंजलंय ते बघायचं. त्या वर्षी त्यांचा डावा खांदा गोठला. हात बाजूने वर न्यायला सांगितला की सत्तर अंशांवर अडायचा, खांद्याच्या रेषेपर्यंतसुद्धा पोचायचा नाही. शिडीवरची कामं ते काही ना काही सांगून पुढे ढकलत होते. पण तीन महिन्यांवर कंपनीची वार्षिक तपासणी होती. तिथला डॉक्टर हात डोक्यावर न्यायला लावतो. गेला नाही तर शिडीचं काम बंद, आणि त्यांच्या कंत्राटात शिडीशिवाय दुसरं कामच नव्हतं. इथे नोकरी गेली की अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जातो, आणि अकामा गेला की कुटुंबासकट विमान. मुलाची बारावी तोंडावर होती. त्यांच्या प्लांटमधले निम्मे लोक आमच्या मराठी मंडळात आहेत, त्यामुळे खांद्याबद्दल मी, वहिनी आणि ते स्वतः सोडून कोणालाही कळता कामा नये, असं ठरलं.

आठवड्यातून दोनदा ते क्लिनिकमध्ये यायचे. पण गोठलेला खांदा घरच्या व्यायामावर सुटतो, आणि घरचा व्यायाम पुरुष करत नाहीत.

"केलात का?"

"थोडा केला."

बावीस वर्षांच्या अनुभवाने सांगते, पुरुषाचा थोडा म्हणजे शून्य. मी त्यांना भिंतीकडे कूस करून उभं राहून डाव्या हाताची बोटं भिंतीवर चढवायला सांगितली होती. जिथे पोचतील तिथे रोज पेन्सिलची खूण करायची. दोन आठवड्यांनी वर जाऊन बघते तो खुणा झकास चढत गेलेल्या, जवळजवळ एसीपर्यंत. क्लिनिकमध्ये हात मोजला, पंचाहत्तर.

"भावजी, खुणा कोणत्या हाताने केल्यात?"

त्यांनी उजवा हात हळूच पाठीमागे नेला. वहिनी म्हणाल्या, "उजव्या. मी बघितलंय. चवड्यांवर उभे राहून."

त्याच शुक्रवारी टीव्हीवर माझे गुरू एका नटाला झापत होते. वॉल्ट्झमध्ये पुरुष डावा हात वर करतो आणि बाई त्याखालून गिरकी घेते. या नटाचा हात अर्ध्यात थांबला होता आणि ती बिचारी वाकून गेली होती. "हात वर, आणि ती जाईपर्यंत वरच!" गुरू म्हणाले. मी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. हाच तर व्यायाम मी दोन आठवडे कानीकपाळी ओरडून सांगत होते.

योग असा की आमच्या मंडळालाही त्या कार्यक्रमाचं वेड लागलं होतं आणि वर्षाच्या स्नेहसंमेलनात तसलीच स्पर्धा ठरली होती. सेलिब्रिटी कुठून आणणार, असं कोणीतरी विचारलं, तर अध्यक्ष म्हणाले, "हॉलमधल्या सगळ्यांना माहीत असेल तो सेलिब्रिटी." त्या हिशोबाने दाताचे डॉक्टर आले, पुरणपोळीच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकू आल्या, आणि भावजीही बसत होते, कारण मंडळाचा माइक कायम त्यांच्याकडे असतो. मी त्यांना न विचारता त्यांचं आणि वहिनींचं नाव देऊन टाकलं.

"ताई, हे नाचतील?" वहिनी म्हणाल्या. "स्वतःच्या वरातीत हे बाजूला होऊन मागच्या गाड्यांना वाट करून देत होते."

"नाचायचं नाहीये. हात वर करायचाय आणि तुम्ही खालून जायचंय. रोज वीस वेळा. खोटी खूण करता येणार नाही."

"का?"

"कारण तुम्ही अडकाल."

आणि त्या अडकल्या. वहिनी भावजींपेक्षा दोन बोटं उंच आहेत, त्यात त्यांचा अंबाडा. पहिल्या दिवशी भावजींचं मनगट त्यांच्या कानावर आपटलं. रोज संध्याकाळी सोफा भिंतीला सरकवून सराव सुरू झाला. मी अधूनमधून वर जायची, कोन मोजायची पट्टी लावायची आणि वहीत आकडा लिहायची. पंच्याऐंशी. पंचाण्णव. एकशे पाच. मग तिथेच अडलं. भावजींना कळलं होतं की वहिनी मान जरा तिरकी करून निघतात, मग हात आणखी नेण्याचं कारण काय?

"वहिनी, उद्यापासून अंबाडा एक बोट वर."

"अहो, मी काय टाकी आहे का उंची वाढवायला?"

"टाकीच समजा. टाकीला ते बिचकत नाहीत."

दर शनिवारी अंबाडा एक बोट वर चढू लागला. मानेवरचा मागच्या बाजूला आला, मागचा डोक्याच्या मध्यावर. खालच्या दुकानदाराने वहिनींना विचारलं की घरात काही व्रत चालू आहे का. भावजी रोज कण्हत होते, मला आणि त्या अंबाड्याला सारख्याच शिव्या घालत होते, पण हात जात होता. स्पर्धेच्या आठवड्यात वहीत एकशे पंचवीस लिहिलं. तपासणी त्यानंतर दहा दिवसांवर होती.

आणि नेमकं तेव्हा अध्यक्षांचा फोन आला. माझी शुक्रवारची भाकितं त्यांच्या कानावर गेली होती.

"ताई, परीक्षक व्हायचंय तुम्हाला."

"अहो, त्यातले एक माझे वरचे शेजारी आहेत."

"कुवेतमध्ये कोण कुणाचं कुणी नाही? बाकीचे दोघे परीक्षक तर दाताच्या डॉक्टरांचे पेशंट आहेत. एकच सांगतो, आठच्या खाली जाऊ नका."

"नाच वाईट असला तर?"

"तर साडेआठ द्या, वाईट वाटायला नको. सुट्टीला जाताना प्रत्येकाला कुणाच्या तरी बॅगेत दोन किलो जागा लागते, ताई."

ते खरं होतं. इथे आमचं गोडा मसाला, चष्मे, पापड, मुलीची पुस्तकं असं सगळं एकमेकांच्या बॅगांतून येतं. एक नाराज झाला की एक बॅग बंद. पण परीक्षक व्हायचं तर नीट व्हायचं. नवऱ्याने मला हॉलच्या दारात सोडताना एवढंच म्हटलं, "अगं, मसाला अर्धा किलोच उरलाय, लक्षात ठेव."

शाळेचा हॉल गच्च भरला होता. आम्हा तिघांना पुसता येणाऱ्या पांढऱ्या पाट्या आणि मार्कर दिले होते. माझ्या उजवीकडे भरतनाट्यम शिकवणाऱ्या बाई, डावीकडे एक निवृत्त बँकवाले. पहिले दाताचे डॉक्टर आले. आठ, आठ, आणि माझे पाच.

माइक माझ्यापुढे आला. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही जोडीदारणीच्या तोंडात वाकून बघताय. दाढ शोधू नका, मान सरळ ठेवा." हॉल हसला, डॉक्टर हसले नाहीत. पुरणपोळीच्या काकूंना मी सहा दिले आणि पाऊल लाटण्यासारखं फिरवू नका म्हटलं. अध्यक्ष पहिल्या रांगेतून हाताने विमान उडाल्याची खूण करत होते. माझ्या दोन बॅगा गेल्या होत्या.

मग भावजी आणि वहिनी आले. दादऱ्यातलं एक जुनं भावगीत लावलं होतं, त्यावर वॉल्ट्झ बरोबर बसतो. भावजी बसत नव्हते. वहिनींचा हात त्यांनी व्हॉल्व्हचं चाक धरल्यासारखा धरला होता आणि सवयीने "एक, दोन, तीन" इतक्या खणखणीत आवाजात म्हणत होते की माइक नसताना मागच्या रांगेला ऐकू येत होतं. दोनदा वहिनींच्या घोळावर पाय दिला. दुसऱ्या रांगेत त्यांच्या प्लांटचे मॅनेजर बसले होते. वहिनींचा अंबाडा त्या दिवशी पार टाळूवर होता आणि त्यावर विमानाने आलेल्या मोगऱ्याचा गजरा. मला हे कोणी विचारलं नव्हतं. वहीतल्या एकशे पंचवीसला तो गजरा वाचणार नाही, हे मला दिसत होतं. हात मध्ये अडला आणि भावजी कळवळले, तर मॅनेजरांना सगळं कळणार होतं.

गिरकीची ओळ आली. भावजींनी डावा हात उचलला. शंभर, एकशे दहा, एकशे वीस. तिथे चेहरा वाकडा झाला. वहिनी मान न वाकवता, ताठ, चालत्या झाल्या. त्यांनी आता थांबायचं ठरवलं असतं तरी थांबता आलं नसतं. आणि हात गेला. गजऱ्याच्या वरून, एकही कळी न पाडता, वहिनी पूर्ण फिरून पलीकडे निघाल्या.

गाणं संपलं. बाईंनी आठ वर केले, बँकवाल्यांनी आठ. मी पाटी वर केली.

मग मागून कोणीतरी शिट्टी वाजवली.

"ताई," अध्यक्ष उभे राहून म्हणाले, "दहापैकी!"

मी पाटी उलटी करून बघितली. मी १४० लिहिलं होतं. हालचाल बघितली की आकडा लिहायचा ही बावीस वर्षांची सवय, हाताने माझ्याआधी लिहून टाकलं. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "इतकं आवडलं तुम्हाला?" दाताचे डॉक्टर उभेच राहिले होते. आणि काय लिहिलंय हे मला कोणालाही सांगता येत नव्हतं.

एका माणसाला मात्र कळलं होतं. भावजी स्टेजच्या कडेला आले.

"खरंच, ताई?"

"मी खोटं लिहीत नाही."

त्यांनी जागच्या जागी डावा हात पुन्हा वर नेऊन बघितला. लोकांना वाटलं जिंकल्याची खूण करतायत, टाळ्या पडल्या. प्लांटचे मॅनेजरही वाजवत होते.

"ताई, गुण!" अध्यक्ष रडकुंडीला आले होते.

मी बोटाने पाटीवरचा एक पुसला, शून्य पुसलं, आणि मधला चार तेवढा ठेवून पाटी पुन्हा वर केली. नाच चाराचाच होता. "तोंडाने आकडे मोजू नका," मी माइकवर म्हटलं, "आणि बायकोच्या साडीवर उभे राहू नका. हात चांगला."

ते शेवटचे आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी घेऊन वर गेले. भावजींनी हात नेला. एकशे अडतीस. परीक्षक म्हणून मी केलेला पक्षपात तेवढाच, दोन अंशांचा.

तपासणीच्या दिवशी वहिनी फोन हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसून होत्या. अंबाडा मानेवर परत आला होता. बाराच्या सुमारास फोन वाजला. त्यांनी ऐकलं, फोन ठेवला, पदराने डोळे पुसले आणि मग हसायलाच लागल्या.

"पास झाले. पण ताई, डॉक्टर म्हणाला हात वर करा, यांनी केला. डॉक्टर म्हणाला ठीक आहे, घ्या खाली. हे तसेच उभे. तो म्हणाला, दुखतंय का? तर हे म्हणतात, नाही, खालून अजून कोणी गेलं नाही."

मी भाजी परतत होते. म्हटलं, "उद्यापासून उजव्या हातालाही तोच व्यायाम सांगा, एक खांदा गोठला की पुढे दुसऱ्याचीही भीती असते. आणि सुट्टीला कधी जाताय? गोडा मसाला संपलाय."

"आणते की," वहिनी म्हणाल्या. मग दारापर्यंत जाऊन वळल्या. "पण चार म्हणजे जरा कमीच दिलेत हं, ताई."