पाच चवल्यांचं उष्टावण

आमच्या मिलिंदच्या उष्टावणाला मी चांदीची पाच नाणी आणली होती आणि खीर भरवून झाली तेव्हा ताटलीत चार होती.

यात मिलिंदचा दोष नाही. तो सहा महिन्यांचा होता. नाण्यांचाही नाही. दोष सगळा माझ्या हुशारीचा, आणि ती त्या वेळी माझ्याकडे फार होती. वय सत्तावीस, बी.ए. झालेली, आणि मुलुंडच्या आमच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये इंग्रजी पेपर घेणारी मी एकटीच सून. (घेणारी म्हटलं. वाचणारी म्हटलेलं नाही.)

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असेल. उष्टावणाला आमच्याकडे बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात आणि मामा चांदीच्या नाण्याने खिरीचं बोट त्याच्या जिभेला लावतो. बाळाचा जन्मातला पहिला घास तो. चांदी आणायची आजोळच्यांनी. आता माझ्या थोरल्या जावेच्या माहेरहून तिच्या मुलाच्या वेळी चांदीची वाटी, चमचा आणि पेला असा सेट आला होता. तो काचेच्या कपाटात होता आणि घरी आलेल्या माणसाला पाण्याआधी तो दाखवला जायचा.

माझं माहेर घाटकोपरला, चाळीत. वडील गिरणीत होते आणि गिरणी दोन वर्षं बंद होती. आई घरोघरी मसाले कांडून द्यायची. तिने रुमालाच्या गाठीतून पन्नास रुपये काढून माझ्या हातात ठेवले.

"ह्येच्यात काय येता ता घे गो बाय," ती म्हणाली. आई मालवणची, चाळीस वर्षं मुंबईत राहून तिची भाषा मुंबईला आली नव्हती. "पण तुझ्या सासरी माझी मान खाली जावक नको."

झालं. पन्नास रुपयांत मला आईची मान ताठ ठेवायची होती, आणि तीही वाटी-चमचा-पेल्यासमोर.

मी माझ्या धाकट्या भावाला, विजूला घेऊन सराफाकडे गेले. विजू गॅरेजमध्ये कामाला होता. अंगठा माझ्या मनगटाएवढा. शेठनी काउंटरवर मखमलीचा तुकडा पसरला आणि त्यावर एक रुपया ठेवला.

"ही राणीछाप. जुनी चांदी, एकदम असली. पंचेचाळीस." त्यांनी रुपया काचेवर आपटला. असा गोड वाजला की बाहेर लस्सी पिणारा माणूस वळून बघायला लागला.

मी रुपया हातात घेतला. चांदीतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं, म्हणून मी तो उजेडात धरून डोळे बारीक केले.

"शेठ, राणी झिजलीय. नाक दिसत नाही."

"ताई, शंभर वर्षं झाली. शंभर वर्षांनी आपलं काय राहील?"

"राजाछाप नाही का?"

"आहे ना. हा शेवटचा राजा, पंचवीसला देतो. पण यात चांदी अर्धीच, मी आधीच सांगतो. आणि हा नवा, लक्ष्मीचा शिक्का, दहा ग्रॅम. याच्यावर मजुरी लागेल."

म्हणजे राणी महाग, राजा भेसळीचा आणि लक्ष्मीला मजुरी. मी विचारात पडले. एवढ्यात माझी नजर शेठच्या मागच्या पत्र्याच्या डबीवर गेली. त्यात चिमुकली, शर्टाच्या गुंडीएवढी नाणी होती.

"ती काय आहेत?"

"चवल्या. जुने दोन आणे. चांदी हीच, राणीसारखी. आठ-आठ रुपयांना देईन."

आणि तिथे माझी बी.ए. जागी झाली. राणीछाप घेतली तर ताटलीत दिसणार एक नाणं. चवल्या घेतल्या तर पाच! चाळीस रुपयांत पाच नाणी, वर दहा रुपयांत जरीचं टोपडं. वाटी एक, चमचा एक, पेला एक, तीन झाले. आमची पाच. (वजनाने पाचही मिळून एका राणीएवढ्या भरत नाहीत, हा हिशेब मी त्या दिवशी केला नाही. पुढेही मुद्दामच केला नाही.)

"ताई," विजू कानाशी म्हणाला, "हे फारच बारीक आहे गं. माझ्या बोटात दिसणार पण नाही."

"तुझी बोटं बघायला कुणी येणार नाहीये."

"कशाला पाहिजे चवली?" शेठनी विचारलं.

"बाळाच्या उष्टावणाला."

शेठनी डबीचं झाकण लावलं. "मग रुपयाच न्या, बेन. लहान पोर आहे. मोठं नाणं धरायला बरं पडतं."

मी विजूकडे बघून अर्थपूर्ण हसले. बघ, महाग माल कसा गळ्यात मारतात! मग शेठना म्हटलं, "शेठ, आम्हाला समजतं सगळं. पाच चवल्या द्या."

शेठनी मुकाट्याने पाच मोजून गुलाबी कागदात बांधल्या. त्या माणसाने मला आणखी दोनदा अडवलं असतं तर फार बरं झालं असतं. पण मी तेव्हा कुणाचं ऐकत नसे.

उष्टावणाच्या दिवशी वडिलांना ताप आला, म्हणून आईला येता आलं नाही. विजू एकटाच आला, इस्त्रीच्या नव्या पँटमध्ये. मी चवल्या चिंचेने घासून चकचकीत केल्या आणि ताटलीत फुलासारख्या मांडल्या, एक मधे आणि चार भोवती. सासूबाईंनी चष्मा लावला.

"पाच? विहीणबाईंनी पाच नाणी पाठवली?"

"हो ना आई," मी अगदी साधेपणाने म्हटलं.

"बारीक आहेत," त्या वाकून म्हणाल्या, "पण पाच आहेत हो."

मी काचेच्या कपाटाकडे एकदा पाहून घेतलं.

मुहूर्त झाला. मिलिंद टोपडं घालून मामाच्या मांडीवर बसला. विजूने एक चवली उचलली (तिसऱ्या प्रयत्नात उचलली गेली), वाटीतल्या तांदळाच्या खिरीत बुडवली आणि मिलिंदच्या जिभेला लावली. पोराने सहा महिने दुधावर काढले होते. ती खीर जिभेला लागताच त्याचे डोळे मोठे झाले, त्याने दोन्ही मुठींनी मामाचं बोट धरलं आणि तोंडात ओढलं.

"अरे अरे, सोड ना यार," विजू म्हणाला. त्याने बोट सोडवलं, हात झटकला.

सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मी आनंदाने नाक पुसलं.

"ताई," विजू हळूच म्हणाला.

"काय रे?"

"चवली दे ना."

"तुझ्याकडेच आहे."

"नाहीये."

आमचे हे एका कंपनीत स्टोअर्स खात्यात होते. आत माल किती आला, बाहेर किती गेला, यापलीकडे त्यांना जगात काही दिसत नसे. ते ताटलीजवळ आले, बोटाने मोजलं आणि म्हणाले, "आवक पाच. शिल्लक चार. म्हणजे एक..." आणि त्यांनी मिलिंदकडे पाहिलं.

मिलिंदने ढेकर दिली.

मग जे झालं त्याला उष्टावण म्हणता येणार नाही. यांनी पोराला उलटं धरलं. सासूबाईंनी सुलटं केलं. यांनी पुन्हा उलटं धरलं. मिलिंदला वाटलं की हाही कार्यक्रमाचाच भाग आहे, तो खिदळायला लागला. शेजारच्या वैद्यकाकू धावत आल्या.

"केळं भरवा त्याला. केळ्याबरोबर निघून जातं."

"अहो, त्याने आत्ता आयुष्यात पहिल्यांदा काही चाखलंय," सासूबाई म्हणाल्या, "त्याला कुठलं केळं भरवता?"

"मग एरंडेल?"

"काकू, तुम्ही घरी जा बरं," हे म्हणाले. काकू गेल्या नाहीत.

सतरंजी झटकली. पाट उलटा केला. सासूबाईंच्या साडीच्या निऱ्या झाडल्या. शेवटी विजूला खोलीच्या मधोमध उभं केलं.

"उड्या मार," हे म्हणाले.

"काय जिजाजी?"

"पँटच्या घडीत अडकली असेल. मार उड्या."

विजूने तीन उड्या मारल्या. चवली पडली नाही. कंगवा पडला आणि एक सिगारेट पडली.

"ते नंतर बघू," सासूबाई म्हणाल्या.

माझं काय चाललं होतं? मी स्वयंपाकघरात उभी राहून रडत होते. आईची मान राहिली बाजूला, माझ्या पोराच्या पोटात दोन आणे गेले होते, आणि ते मीच निवडून, शेठचा सल्ला झिडकारून आणले होते. रडताना माझे हात रिकामे राहत नाहीत. समोर उष्टावणाची वाटी होती, तळाशी खीर होती. बाळाचं उष्टं आईने खायचं, टाकायचं नाही, असं सासूबाईंनीच सकाळी बजावलं होतं. मी ती वाटी तोंडाला लावली आणि हुंदक्यासकट दोन घोटांत संपवली. मग पदराने तोंड पुसून म्हटलं, "डॉक्टरकडे चला."

एका रिक्षात आम्ही पाच जण बसलो, मिलिंद धरून. विजू रिक्षावाल्याच्या बाजूला अर्धा बाहेर लोंबत होता. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मिलिंदचा एक्स-रे काढायला लावला आणि ओली फिल्म खिडकीशी धरली. आम्ही श्वास धरून उभे.

"हे हृदय. ही जठराची जागा. हा गॅस."

"आणि चवली?" यांनी विचारलं.

"चवली नाही."

"नीट बघा डॉक्टर, फार बारीक आहे. हिने निवडलीय."

"साहेब, टाचणी असती तरी दिसली असती. बाळाच्या पोटात काही नाही."

सासूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. मी भिंतीला टेकले. पोर वाचलं. आता चवली गेली कुठे तर जाऊ दे, आईला मी सांगितलं असतं काहीतरी. पण डॉक्टरांना उगीचच कुतूहल वाटलं.

"नाणं शेवटचं कुठे होतं?"

"माझ्या बोटाला," विजू म्हणाला. "बाळाने बोट ओढलं, मी हात झटकला. वाटीच्या वरच झटकला."

"मग वाटीत पडलं असेल. वाटी कुठाय?"

"घासायला टाकली," सासूबाई म्हणाल्या.

"आणि वाटीतली खीर?"

मला एकदम काहीतरी आठवलं. दुसऱ्या घोटाला घशात काहीतरी चपटं, गुळगुळीत अडकलं होतं आणि मी ते पाण्याने खाली ढकललं होतं.

"मला वाटलं," मी म्हटलं, "बदाम आहे."

सासूबाईंनी चष्मा काढला. "खिरीत बदाम नव्हता, सुमन. सहा महिन्यांच्या पोराच्या खिरीत बदाम कोण घालतं?"

पुढच्या दहा मिनिटांत माझाही एक्स-रे निघाला. माझ्या बरगड्यांच्या खाली, ऐन मध्यावर, पौर्णिमेच्या चंद्रासारखी पांढरीशुभ्र, वाटोळी चवली दिसत होती. डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारून दाखवली. कंपाउंडरने बाहेर बसलेल्या दोन पेशंटना बोलावलं.

"छान आहे," डॉक्टर म्हणाले. "फक्त आत राणी आहे की राजा, ते काही सांगता येत नाही. घाबरू नका, तीन दिवसांत बाहेर येईल. भरपूर केळी खा आणि लक्ष ठेवा."

"कशावर?" मी विचारलं.

डॉक्टरांनी यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे बघत होते.

दोन एक्स-रेंच्या पैशांत दोन राण्या आल्या असत्या, नाकासकट. पण येताना रिक्षात मला तो विचार सुचला नाही. सासूबाई माझ्या शेजारी बसून मिलिंदचं टोपडं सारखं करत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर सगळं दिसत होतं. आता काचेचं कपाट उघडणार, पाहुण्यांना वाटी-चमचा-पेला दाखवला जाणार, आणि मग म्हणतील, "आणि धाकटीच्या माहेरची चांदी? ती धाकटीनेच खाल्ली." हे चाळीपर्यंत पोचणार. पन्नास रुपये घालवून मी आईची मान खाली तर घातलीच होती, वर माझी तिच्या जोडीला लावली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आई दारात उभी. विजूने तिला काही सांगितलं नव्हतं, फक्त "एकदा जाऊन ये" एवढंच म्हणाला होता, आणि एवढ्यावर आई घाबरून धावत आली होती. हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. मिलिंदला कुशीत घेऊन, चाचपून, तो धड आहे अशी खात्री झाल्यावर ती सासूबाईंसमोर सतरंजीच्या टोकावर अवघडून बसली. जमिनीकडे बघत तिने विचारलं, "विहीणबाई, नाणी पोचली मां? जरा बारकीच होती..."

मी कोपऱ्यातून सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "पोचली म्हणजे काय, पाचच्या पाच पोचली," त्या ठसक्यात म्हणाल्या. "अहो, सगळ्या बिल्डिंगमध्ये तुमच्याच चवल्यांचं बोलणं चाललंय. चार देवात ठेवल्यात."

"आणि पाचवी?"

"ती वाटेत आहे."

"वाटेत म्हंजे?"

"येईल हो दोन दिवसांत. चहा घ्या, गार होतोय."

आईला काही उमगलं नाही, पण आपली चांदी लेकीच्या घरच्या देवात बसली आणि बिल्डिंगभर गाजली, एवढं तिला पुरलं. ती टोकावरून सरकून सतरंजीवर ऐसपैस बसली. मग तिची नजर कोपऱ्यात माझ्याकडे गेली. माझ्या पुढ्यात डझनभर केळी होती आणि सासूबाई स्वतः त्यांतलं सहावं सोलून माझ्या हातात देत होत्या.

आईचे डोळे भरून आले.

"बाय गो," ती म्हणाली, "सासरी तुका किती बरां खावक घालतत गो."

मी मान डोलावली. बोलले असते, पण तोंडात केळं होतं.