कोरडं घंगाळ

दोन्या तिबुर्सियाचा राग हा सान होनोफ्रे गावात हवामानाचाच भाग समजला जाई. एकतीस वर्षं चर्चची चावी तिच्या कमरेला होती. मेणबत्त्यांचं मेण खरवडणं, वेदीच्या चादरींना खळ देणं आणि मिस्सा चालू असताना कुणी शेंगदाणे सोलले तर त्याच्याकडे नुसतं बघणं, ही तिची कामं. त्या बघण्यानं दोघांनी शेंगदाणे कायमचे सोडले होते. पण हे सगळे किरकोळ राग. खरा राग आला तो ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या सोमवारी, सुवासिक साबणाच्या बारा वड्या बघून.

"हे काय, फादर?"

फादर आन्सेल्मो चांगला माणूस होता, फक्त कौलांना भ्यायचा. चर्चचं निम्मं छप्पर नगराध्यक्ष एवेलियोंनी घालून दिलं होतं, निम्मं अजून बाकी होतं.

"गुरुवारी प्रेषितांचे पाय धुवायला या वर्षी माझ्याऐवजी नगराध्यक्ष बसणार आहेत. त्यांनी पाठवल्यात. प्रेषित होणाऱ्या बारा गावकऱ्यांनी घरून पाय स्वच्छ धुऊन यावं, एवढंच म्हणणं आहे त्यांचं."

"म्हणजे धुतलेले पाय धुणार?"

"टीव्हीवाले येणारेत, बाई."

"आणि धुणार कशानं? या वर्षी बाराच्या बारा लोमाच्या टेकडीवरचे आहेत. आठ महिने झाले लोमाच्या नळाला थेंब नाही! सगळं पाणी वळवलं कुठं, तर त्याच्या हॉटेलच्या तलावात. तिथं परगावची माणसं डुंबतायत आणि आमच्या बायका ओढ्यातून मडकी वाहतायत. वर साबण! साबण चाटून पाय धुवायचे काय?"

"हळू बोला."

"प्रभूनं धुतले ते रस्त्यावरून आलेले पाय होते, फादर. शेण, धूळ, सगळं लागलेले. त्यानं आधी निरोप नव्हता पाठवला, की पेत्रा, जरा खंगाळून ये. ज्याला गुडघे टेकायचेत त्यानं पाणी वळवलेल्या व्हॉल्व्हच्या चाकापाशी टेकावेत, ते उलटं फिरवावं आणि मग यावं इथं."

फादरनी छपराकडे बघितलं. "जमत नसेल तर चावी ठेवून जा," ते म्हणाले, आणि असं बोलल्याचं त्यांनाच इतकं वाईट वाटलं की तिनं पुढ्यात ठेवलेली कॉफी त्यांनी बिनसाखरेची प्यायली.

चावी ठेवायची म्हणजे तिबुर्सियानं हात तोडून ठेवण्यासारखं. ती घरी गेली, पाकातल्या पावाचे काप तळायला घेतले आणि रागाच्या भरात एक अख्खा घाणा करपवला. नवरा गेल्यापासून तिला चर्चखेरीज दुसरं दार नव्हतं. पण म्हणून खोट्याला पाय धुण्याचं घंगाळ घासून द्यायचं? दोन रात्री तिनं ते प्रभूला विचारलं. तिसऱ्या दिवशी ती लोमा चढली आणि वीटभट्टीवाल्या सेफेरिनोच्या दारात उभी राहिली. प्रेषितांतला पेत्र तोच व्हायचा होता. त्याच्या मापाची चप्पल पंचक्रोशीत मिळत नसे.

"सेफेरिनो, उद्या रिवाज पाळायचा. दरवर्षीसारखा."

"मडकं आणू म्हणता? आणि त्यात काय आणू, माझे अश्रू?"

"घरच्या नळाला येईल ते आण. ओढ्याचं नाही. नळाचं."

सेफेरिनोनं अंगणातल्या कोरड्या नळाकडे बघितलं. मग त्याच्या मिशा हलल्या.

सान होनोफ्रेचा रिवाज असा, की बाराही प्रेषितांनी आपापल्या घरचं पाणी मडक्यातून आणायचं, पितळी घंगाळात ओतायचं आणि त्या मिसळलेल्या पाण्यानं पाय धुवायचे. गुरुवारी चर्च खचाखच भरलं. नगराध्यक्ष एवेलियो कडक इस्त्रीचा पांढरा पंचा कमरेला बांधून, कॅमेऱ्याकडे अर्धं तोंड ठेवून गुडघ्यांवर बसले. सेफेरिनो पुढे आला. त्यानं मडकं घंगाळावर उपडं केलं.

काहीच पडलं नाही.

दुसरा आला. तिसरा. प्रत्येक जण गंभीर चेहऱ्यानं ओतत होता आणि प्रत्येक मडक्यातून हवा पडत होती. नवव्याच्या मडक्यातून एक पाल निघाली तेव्हा बायका शालीआड हसल्या. अकराव्यापर्यंत कुणीच हसत नव्हतं. बारावा मडकं उपडं करून तसाच रडत उभा राहिला.

नगराध्यक्षांचा माणूस बाटलीबंद पाण्याचा खोका घेऊन धावला. तिबुर्सियानं घंगाळ कवटाळलं. "यात घरचंच पाणी पडतं!"

"फादर, या म्हातारीला आवरा," एवेलियो दातांतून म्हणाले.

फादरनी छपराकडे बघितलं. मग घंगाळाकडे. ते आले आणि त्यांनी आपला हात घंगाळाच्या काठावर, तिच्या हाताशेजारी ठेवला. "रिवाज आहे, सेन्योर. आपण थांबू. लोमाचा नळ तुमच्याच हातात आहे."

सगळं गाव थांबलं. एवेलियोंचे गुडघे वीस मिनिटं टिकले. मग ते उठले, पंचा जमिनीवर टाकला आणि टीव्हीवाल्यांना घेऊन निघून गेले. पाणी त्या दिवशी आलं नाही. छप्परही आलं नाही.

शुक्रवारी सकाळी तिबुर्सियानं चावी फादरपुढे ठेवली. "तुमचं निम्मं आकाश उघडं राहिलं माझ्यामुळे."

फादरनी चावी उचलून तिच्याकडे सरकवली. "घंगाळ वेदीवरच राहू द्या. पाणी येईतो रोज धूळ पुसावी लागेल. मला नाही जमायचं ते, माझी कंबर धरते."

घंगाळ अजून तिथंच आहे, कोरडं. दर रविवारी फादर त्यावर एक वाक्य बोलतात, आणि ते कमी वाटलं तर तिबुर्सिया त्यांच्याकडे नुसतं बघते.