आरशाजवळची पन्नी

दादा सोमवारी वारला. काल अकोल्याच्या बसस्टँडवर शेजारचा माणूस प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटू लागला. तंबाखू, सुपारी आणि चुन्याचा तो ओला वास नाकात शिरला आणि आमच्या अमरावतीच्या घरातली मोरी आठवली.

खर्र्यानं दादाचं तोंड आखडलं होतं. वरणभातही चमच्याच्या टोकानं सरकवावा लागे. रोज सकाळी दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या रचून जबडा ताणायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. फार दुखायचं. वहिनी रागावली की तो चार दिवस करी, मग सोडून देई.

एका सकाळी मोरीतल्या आरशाच्या खिळ्याला खर्र्याची जुनी पन्नी लटकत होती, आतून तपकिरी, चिकट. दादा ती हुंगत होता. त्याला उमासा आला, लाळ हनुवटीवर ओघळली. मग त्यानं काड्या दातांत सारल्या.

"शी! दादा, फेक ते! कावून हुंगून राहिला?"

त्यानं काड्या काढून रक्त थुंकलं. "अवं, राहू दे. तुमी समजावता तं मले झोप येते. याची किळस आली का हात आपोआप चालते."

तेव्हा मला त्याचीच किळस आली होती. पण ती पन्नी हुंगून त्यानं रोज जबडा ताणला, आणि पुढच्या उन्हाळ्यात वांग्याच्या भाजीसोबत रोडग्याचा मोठा घास स्वतःच्या हातानं खाल्ला.

वहिनीनं परवा पन्नी फेकली. खिळा भिंतीत आहे.